गायींच्या हट्टापायी मेले? ग्रीनलंडच्या उकिरड्यांना विचारा

“गायी पाळायचा हट्ट सोडला नाही, दारात समुद्र असून मासे खाल्ले नाहीत, आणि एका हिवाळ्यात अख्खी वस्ती उपाशी मेली.” ग्रीनलंडच्या नॉर्स लोकांची, म्हणजे मध्ययुगात स्कँडिनेव्हियाकडून येऊन तिथे वसलेल्यांची, ही गोष्ट पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होते. सोबत तिथल्याच ह्वाल्सी गावच्या छप्पर उडालेल्या दगडी चर्चचा फोटो. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणून तर एवढी चालते.

आधी मासे. त्यांच्या उकिरड्यांत माशांचे काटे फार कमी मिळतात, हे खरं. पण त्याच उकिरड्यांत सील या समुद्री प्राण्याच्या हाडांचा खच आहे, त्याचं काय? १९९९ साली २७ सांगाड्यांच्या हाडांतला कार्बन तपासला गेला. माणूस समुद्रातलं खातो की जमिनीवरचं, हे त्यावरून कळतं. सुरुवातीच्या पिढ्यांच्या आहारात समुद्राचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास होता, शेवटी तो ८० टक्क्यांपर्यंत गेला. याला हट्ट म्हणत असतील, तर जुळवून घेणं कशाला म्हणायचं?

गायी होत्याच, पण त्या बड्या लोकांच्या. गार्दारला बिशपच्या गोठ्यात शंभरेक गायी मावत. लहान शेतकऱ्याचा संसार शेळ्यामेंढ्यांवर चाले.

भूक मात्र होती, ती नाकारायचं कारण नाही. पश्चिम वस्तीतल्या निपात्सोक या शेतावर काटे नसतील, पण माशा सापडल्या आहेत, घोंघावणाऱ्या. खालच्या थरांत उबदार घरातल्या केरकचऱ्यावर वाढणाऱ्या, वरच्या थरात थंडीत तगणाऱ्या आणि मेलेल्या जनावरावर बसणाऱ्या. म्हणजे चूल विझली होती. अगदी वर गायींचे खूर, आणि सुरीच्या खुणा असलेली कुत्र्याची हाडं. ते घर शेवटी फार वाईट दिवसांतून गेलं. पण एका घराची ती कहाणी दोन्ही वस्त्यांवर चिकटवता येत नाही.

कारण मुळात वस्त्या दोन, आणि त्यांच्यात शेकडो किलोमीटरचं अंतर. पश्चिमेची चौदाव्या शतकाच्या मध्याला ओस पडली. चर्चचा कारभारी इवार बार्दारसन तिकडे गेला, तर माणूस नाही, नुसती मोकाट जनावरं. “सगळे एका रात्रीत गायब झाले” असंही सांगतात, त्याचं मूळ बहुधा इथलंच. पूर्वेची मात्र नांदत राहिली. १४०७ मध्ये तिथे एकाला जादूटोण्याच्या आरोपाखाली जाळलं. सप्टेंबर १४०८ मध्ये ह्वाल्सीच्या त्याच फोटोतल्या चर्चमध्ये लग्न लागलं, आधी तीन रविवार रीतसर जाहीर करून. पुढच्या वर्षी गार्दारच्या पाद्र्यांनी त्याचा दाखला लिहून दिला आणि जोडपं पुढे आइसलंडला गेलं. मरायला टेकलेल्या गावाचा हा कारभार वाटतो का?

“इनुइटांनी (तिथल्या मूळ रहिवाशांनी) कापून काढलं” असंही कुणीतरी कमेंटमध्ये घुसडतंच. तशा कत्तलीचे सांगाडे कुठेही मिळालेले नाहीत. पुढे.

मग ते गेले कशामुळे? एकच कारण सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही. २०२२ मध्ये दक्षिणेतल्या एका तळ्याच्या गाळाचा अभ्यास आला. त्यात थंडीपेक्षा वाढत्या कोरडेपणाची खूण ठळक निघाली, आणि गवत नाही तर हिवाळ्याचा चारा नाही. वॉलरस या समुद्री प्राण्याच्या सुळ्यांवर चालणारा युरोपचा व्यापार आटला, जहाजं विरळ झाली. तरुण मंडळी मिळेल त्या जहाजाने निघून गेली असावीत, असं मला वाटतं. घरांत आणि चर्चमध्ये किमती वस्तू जवळपास मिळतच नाहीत, हेही त्याला धरूनच आहे.

आणि शेवटी एका शेळीची गोष्ट. १९९० मध्ये दोन शिकाऱ्यांना नदीकाठच्या वाळूतून डोकावणारी लाकडं दिसली. खणल्यावर खाली अख्खं शेतघर निघालं. ‘वाळूखालचं शेत’ म्हणतात त्याला. माणसं गेल्यावर त्या ओस घरात हिंडत राहिलेली एक शेळी तिथेच मेली होती. उपाशी मरणाऱ्यांनी ती शिल्लक ठेवली असती?