नरीमन, खेर आणि मौलानांची आठवण

"पारशी होते म्हणून मुंबईचे काँग्रेस नेते नरीमन यांना १९३७ साली मुंबई प्रांताचं मुख्यमंत्रिपद मिळू दिलं नाही, सरदार पटेलांनी बाळासाहेब खेरांना पुढे केलं" हा मजकूर पुन्हा फिरतोय. सोबत पुरावा म्हणून मौलाना आझादांच्या 'इंडिया विन्स फ्रीडम' या आठवणींच्या पुस्तकाचा दाखला. आझादांनी असं लिहिलंय, यात शंका नाही. पण तेवढ्यावर निकाल लावून मोकळं होणं मला पटत नाही.

आझाद काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डावर पटेल आणि राजेंद्रप्रसादांबरोबर होते. म्हणजे साक्षीदार आतल्या गोटातला. पण हे सगळं त्यांनी सांगितलं ते जवळपास वीस वर्षांनी. तेही उर्दूत बोलून. इंग्रजी मजकूर हुमायून कबीर यांनी तयार केला. पुस्तक १९५९ साली आलं, तेव्हा मौलाना हयात नव्हते आणि पटेल, नरीमन, खेर यांपैकीही कुणी नव्हतं. उलट बोलायला उरलं होतं कोण?

उरले होते ते कागद. नरीमननी तक्रार केल्यावर गांधीजी आणि बॅरिस्टर डी. एन. बहादुरजी यांनी चौकशी केली. बहादुरजी स्वतः पारशी. निष्कर्ष नरीमनच्या विरोधात गेला, आणि त्यात १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीतलं त्यांचं वागणं हा मोठा मुद्दा होता. पटेलांचा राग तिथपासूनचा. हे बाजूला ठेवून फक्त 'पारशी' एवढंच कारण सांगणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं.

याचा अर्थ नरीमनवर अन्याय झालाच नाही, असं मी म्हणत नाही. मुंबईत समुद्रात भर घालून जमीन तयार करण्याच्या बॅकबे योजनेतला गैरकारभार सरकारच्या तोंडावर मांडणारा, मुंबईचा महापौर राहिलेला हा माणूस. पक्षाने नंतर त्यांना जबाबदारीच्या पदाला अपात्र ठरवलं, ते मला आजही फार कठोर वाटतं. पण माझं वाटणं हा पुरावा नव्हे, आणि मौलानांचं वाटणंही नव्हे.

आझादांच्या याच पुस्तकातलं फाळणीबद्दलचं म्हणणं समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी १९६० साली फाळणीवर पुस्तक लिहून खोडून काढलं. १९४७ साली फाळणीला मान्यता देणाऱ्या काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकीत मौलाना गप्प बसून होते, असं लोहिया सांगतात. पण हीसुद्धा तेरा वर्षांनंतरची आठवणच! एका आठवणीने दुसरी कशी कापणार? त्या वेळची पत्रं, ठराव, वर्तमानपत्रं काढून बसावंच लागतं. नरीमन प्रकरणातली गांधीजींची पत्रं आणि निवेदनं त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेली आहेत, आणि ते खंड इंटरनेटवर फुकट मिळतात. उतारा पुढे पाठवणाऱ्यांनी आधी तेवढं वाचावं, ही कळकळीची विनंती.