काकू, राजमा टणक राहिला यात चूक माझी

नमस्कार काकू,

'एक बडोदेकर काकू' एवढ्याच सहीखाली तुम्ही जे खरमरीत लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर बोलतायत त्या." तेव्हा सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

बाकी वाचकांना थोडक्यात सांगतो. माझी घरच्या बेक्ड बीन्सची कृती वाचून काकूंनी भाचीच्या केळवणाला पंचवीस माणसांसाठी एक किलो पांढरा राजमा केला. तीन तास ओव्हनमध्ये ठेवूनही दाणे टणकच. मंडळींनी ते ताटाच्या कडेला सारले आणि श्रीखंड-पुरीवर वेळ निभावली. काकूंचं म्हणणं असं, की ही आपली राजम्याची उसळच, मी तिला साहेबी टोपी घातली, वर गूळ ओतून गोडमिट्ट केली. आणि एवढी वीज जाळूनही दाणा शिजत नसेल तर कोपऱ्यावरून सेव उसळ आणलेली काय वाईट?

आधी टणक दाण्यांचं बघू, बाकीचे वाद सावकाश घालू.

मी लिहिलं होतं: 'राजमा दोन शिट्या करून घ्या, मग टोमॅटो आणि गूळ घालून ओव्हनमध्ये ठेवा, उरलेला तिथे शिजेल.' हे शेवटचं साफ चूक. उरलेला तिथे शिजत नाही. टोमॅटो-गूळ पडला की दाणा जिथल्या तिथे थांबतो. माझ्याकडे राजमा ताजा आणि कॉर्पोरेशनचं नळाचं पाणी, त्यामुळे दोन शिट्यांत तो जवळजवळ शिजलेलाच असायचा, आणि मला वाटायचं ओव्हनने काम केलं. तुम्ही शहराबाहेरच्या नव्या सोसायटीत राहता, बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो असं तुम्हीच मागे एका पोस्टखाली लिहिलं होतं. तिथे माझा हिशेब कोसळणारच.

कारण असं, की दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने एकमेकींना धरून असतात. उकळताना ते पेक्टिन सुटतं आणि दाणा मऊ होतो. आंबट असलं की ते सुटायला तयार नसतं, आणि कॅल्शियम तर त्याला आणखी आवळून धरतं. टोमॅटो आंबट, गुळात आणि काकवीत कॅल्शियम, बोअरच्या पाण्यातही कॅल्शियम. तुमच्या राजम्यावर तिन्हीकडून पहारा होता, काकू. त्यात तो जुना असेल तर विचारूच नका. हाथीखान्याच्या धान्यबाजारातून आणताना सालावर सुरकुत्या नाहीत ना, रंग पिवळट पडलेला नाही ना, एवढं बघून घ्यावं.

तर दुरुस्ती अशी. राजमा दहा-बारा तास भिजवायचा, त्या पाण्यात मोठा चमचाभर मीठ. (मिठाने कडधान्य शिजत नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो; भिजवताना मात्र मीठ साल मऊच करतं.) ते पाणी ओतून द्यायचं. बोअरचं पाणी असेल तर शिजवायला फिल्टरचं घ्या, नाहीतर किलोला अर्धा चमचा खायचा सोडा टाका. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. भिजून फुगलेला एक किलो राजमा पाच लिटरच्या कुकरमध्ये एका खेपेत मावत नाही, दोन घाणे करावे लागतात. एक शिटी झाली की मंद आचेवर पंधरा मिनिटं, मग वाफ जिरेपर्यंत हात लावायचा नाही. नंतर पळीवर चार दाणे घेऊन फुंकर मारा. साल सुटून वर वळलं पाहिजे. ही परीक्षा अमेरिकेतल्या जुन्या गृहिणींची आहे, पण शिट्या मोजण्यापेक्षा खात्रीची. साल ढिम्म हललं नाही तर कुकर परत चढवायचा, पाहुणे दारात उभे असले तरी.

आणि आता गंमत ऐका. ज्या गूळ-टोमॅटोने तुमचा दाणा टणक ठेवला, त्यांच्याच जोरावर हा पदार्थ उभा आहे. दाणा पूर्ण शिजल्यावर ते पडले, की मग दोन-तीन तास ओव्हनमध्ये राहूनही त्याचा लगदा होत नाही. बाहेरून अख्खा, आत लोण्यासारखा, आणि रस दाण्याच्या पोटात गेलेला. उसळीला एवढा वेळ आचेवर ठेवलं तर पिठलं होईल.

म्हणून ही उसळ आहे हे मला मान्य नाही. उसळीचा जीव फोडणीत. ती केली की गरम वाढायची, म्हणजे घरातलं एक माणूस शेवटपर्यंत ओट्याशी. ह्यात फोडणीच नाही. किलोभर राजम्याला चार कांदे, किलोभर टोमॅटोचा आटवलेला रस, दीडदोनशे ग्रॅम गूळ किंवा काकवी, दोन चमचे मोहरीची पूड, तिखट, मीठ, शंभर ग्रॅम लोणी. दाणे बुडतील इतकं, राजमा ज्यात शिजवला तेच पाणी. झाकून १५० अंशांवर दोन तास, मग झाकण काढून अर्धा तास, वर तांबूस साय धरेपर्यंत. मध्ये एकदा बघा, दाणे उघडे पडले असतील तर गरम पाणी घाला. सकाळी अकराला ठेवलं की जेवणापर्यंत तुम्ही पाहुण्यांत बसायला मोकळ्या. एखादी गाडी उशिरा आली तरी बिघडत नाही.

मुळात बेक्ड बीन्सचा बेतच तसा होता. अमेरिकेतल्या बॉस्टनकडच्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्मनिष्ठ ख्रिस्ती लोकांत शनिवारी सूर्यास्तानंतर रविवार पाळायचा, कामधाम बंद. म्हणून शनिवारीच बीन्सचं मातीचं भांडं भट्टीत जायचं. रात्री तेच जेवायचं आणि रविवारी सकाळीही तेच. त्यात खारवलेलं डुकराचं मांस असे, त्याच्या जागी मी लोणी घालतो आणि शेवटी कोळशाची धुरी देतो. ज्यांच्या घरी सोय नसे त्यांची भांडी बेकरीवाला भट्टीत ठेवून देई. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली, दिवाळीआधी नानकटाईचे ट्रे घेऊन भट्टीवर जाणारी.

साहेबी टोपीबद्दल सांगायचं तर राजमा, टोमॅटो आणि मिरची तिन्ही मूळची अमेरिकेतली. तुमच्या-माझ्या उसळीतही तीच बसलेली आहेत. आणि कडधान्य भट्टीत घालणं आपल्याला नवं नाही. रायगडकडे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात पोपटी लावतात, इकडे वलसाडच्या बाजूला उंबाडियू तसंच. डब्यात मिळणारे बीन्सच खरं तर बहुतेकदा भाजलेले नसतात. सॉससकट डब्यात बंद करून वाफेवर शिजवतात.

गोडाचं म्हणाल तर, काकू, बडोद्यात राहून डाळीत गूळ खाणाऱ्या आपण, आपण कुणाला गोड म्हणायचं? पण टीका अर्धी बरोबर आहे. मी गूळ पाव किलो लिहिला होता, तो आमच्या घरच्या जिभेला. वर दीडदोनशे केला आहे, दीडशेपासून सुरू करा आणि शेवटी चाखून लिंबू पिळा. सेव उसळीशी माझं वैर नाही. महाराष्ट्राची उसळ इथे येऊन पांढरे वाटाणे, तर्री आणि शेव घेऊन बसली, तिला कुणी परकी म्हटलं नाही, एवढंच सुचवतो.

विजेचा हिशेब: माझा ओव्हन १६०० वॅटचा. अडीच तास अखंड चालला तरी चार युनिट, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून बंद होतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच.

एका गोष्टीवर मात्र मी हात जोडतो. तुम्ही लिहिलंय, सूनबाई म्हणतात पुढच्या वेळी भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) रात्रभर ठेवू. असं करू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमाग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. लाल राजम्यात जास्त, पांढऱ्यात कमी, पण असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात, आणि ८० अंशांच्या आसपास नुसता गरम राहिलेला, न उकळलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. खळखळून उकळला की ते द्रव्य जातं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन अर्धा तास उकळायला सांगतं. कुकरमध्ये नीट शिजवून घेतला तर काळजी नाही. मग स्लो कुकरमध्ये हवा तितका वेळ ठेवा.

आणि केळवणाचा उरलेला, तुम्ही फ्रीजरमध्ये ठेवलेला तो अर्धं पातेलं राजमा टाकू नका. चाळणीत ओतून रस वेगळा काढा, दाणे धुवा, साध्या पाण्यात चिमूटभर सोडा घालून कुकरला लावा. वीस मिनिटांनी पळीवर चार दाणे घ्या. फुंकरीने साल वळलं, की रस परत घाला.