तारीख बदलली म्हणजे मजकूर बदलला?

बोरिवली-मुलुंडपासून गिरगावापर्यंत, जिथे म्हणून पुनर्विकासावरून दोन तट पडलेत, तिथल्या सोसायटी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. सार असं: सेक्रेटरीच्या कॉम्प्युटरवर सभेच्या इतिवृत्ताची फाइल शोधा, प्रॉपर्टीज बघा. नुसतं वाचल्याने तारीख कधीच बदलत नाही. सभेनंतरची तारीख दिसली की फेरफार पक्का, आणि हा पुरावा कोर्टात चालतो.

सेक्रेटरी मंडळींची वकिली करायची मला हौस नाही. पण यातलं एकही वाक्य धड नाही.

‘वाचल्याने तारीख बदलत नाही.’ कुठली तारीख? विंडोज तीन दाखवतं: क्रिएटेड, मॉडिफाइड, अ‍ॅक्सेस्ड. तिसरी तर वाचण्याचीच नोंद. दर वाचनाला डिस्कवर लिहावं लागू नये म्हणून विंडोज व्हिस्टा या आवृत्तीपासून ती बंदच ठेवली होती. विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्यांत काही मशीनवर परत चालू झाली. म्हणजे तुमच्याकडे बदलेल, शेजाऱ्याकडे नाही.

‘मॉडिफाइड बदलली म्हणजे मजकूर बदलला.’ खरा घोळ इथे आहे. मेंटेनन्सची एक्सेल शीट घ्या. थकबाकीचे दिवस मोजायला त्यात ‘टुडे’चं सूत्र टाकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी फाइल नुसती उघडली तरी एक्सेल आकडे नव्याने मांडतं आणि बंद करताना विचारतं, बदल सेव्ह करायचे का? घाईत माणूस ‘यस’ दाबून मोकळा. एका अक्षराला हात न लावता तारीख आजची! सह्यांचं पान आडवं स्कॅन झालं असेल आणि जुन्या फोटो व्ह्यूअरमध्ये ते फिरवून बघितलं, तर तो न विचारताच सेव्ह करतो. वर्डमध्ये फाइल उघडली की त्याच फोल्डरमध्ये एक लपलेली तात्पुरती फाइल तयार होते, त्यामुळे फोल्डरची तारीख पुढे सरकते.

पेन ड्राइव्हवरून कॉपी केली तर आणखी मजा: क्रिएटेड कॉपीच्या दिवसाची, मॉडिफाइड जुनीच. जन्माआधीच दुरुस्ती! यावरून एखाद्या ग्रुपवर महाभारत घडू शकतं.

‘कोर्टात चालतो.’ विंडोजमध्येच असलेल्या पॉवरशेल या कमांड लिहायच्या साधनात एका ओळीत कुठल्याही फाइलला हवी ती तारीख देता येते. मग न बदललेली तारीख तरी कशाची साक्ष देणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश, म्हणजे अक्षर-आकड्यांचा डिजिटल ठसा, मागितलाय. हॅश फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघतो, बाहेरच्या तारखेवरून नाही. दोन प्रतींचा हॅश जुळला तर विषय संपला. नाही जुळला तरी लगेच बोंब नको. वर्डमध्ये पुन्हा सेव्ह केल्यानेही तो बदलतो.

शंका असेल तर सभेनंतर सभासदांना मेलवर आलेली प्रत काढा, वर्डच्या ‘कंपेअर’मध्ये दोन्ही शेजारी लावा, आणि सह्या झालेलं इतिवृत्ताचं पुस्तक मागा. सेक्रेटरीच्या मशीनवर बसून मात्र फाइल उघडू नका. चुकून सेव्ह झालं तर तारीख तुमच्या हातून बदलेल, आणि ‘लास्ट मॉडिफाइड बाय’पुढे नाव दिसेल सेक्रेटरीचं.