कार्यालयात कुत्र्यांचे स्वागत : व्यवस्थापकांसाठी चार हिताच्या गोष्टी

आपल्या हाताखालची माणसे थकलेली, चिडलेली आणि दर सोमवारी आजारी पडणारी असतील, तर कृपया त्यामागची कारणे शोधत बसू नका. कारणे सापडली की ती दूर करावी लागतात, आणि मग नवी माणसे नेमणे, पगार वाढवणे, रात्री उशिरा 'तातडीचे' निरोप धाडण्याची सवय सोडणे असली खर्चिक आणि क्लेशदायक कामे मागे लागतात. त्यापेक्षा कार्यालयात कुत्री आणण्याची परवानगी द्यावी. कुत्र्याचा खर्च त्याचा मालक करतो, त्याची छायाचित्रे कंपनीच्या जाहिरातीत शोभून दिसतात आणि 'आमच्याकडे वातावरण अगदी घरच्यासारखे आहे' असे नव्या उमेदवारांना बिनदिक्कत सांगता येते.

वरिष्ठांचे मन वळवण्यासाठी संशोधनाचा दाखला द्यावा, मात्र तो अर्धाच द्यावा. अमेरिकेतील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कुत्रा सोबत आणणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ताण दिवसभरात कमी होत गेल्याचे आढळले, एवढे सांगून चहा मागवावा. ज्यांनी कुत्रा घरी ठेवला होता किंवा ज्यांच्याकडे तो नव्हताच, त्यांचा ताण मात्र दिवस चढेल तसा वाढत गेला, हेही त्याच अभ्यासात आहे. पण चहा आल्यावर तिकडे कोण लक्ष देतो? हा अभ्यास ज्या कंपनीत झाला ती चिनी मातीची आणि काचेची भांडी विकणारी होती, हे मात्र आवर्जून सांगावे. बशांच्या ढिगाऱ्यांत कुत्री चालतात, तर आपल्याकडे फुटण्यासारखे आहे तरी काय, असे मग विचारता येते. माणसांच्या डोक्यांचा त्यात हिशेब धरण्याची प्रथा नाही.

कर्मचाऱ्यांची संमती अवश्य घ्यावी आणि ती कुत्रा आल्यानंतर घ्यावी. सर्वांना एका खोलीत बोलवावे, संचालकांच्या कुत्र्याला टेबलाखाली मोकळे सोडावे, आणि त्याने एखाद्या नवख्या मुलीच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून वर पाहिले की नेमक्या त्या क्षणी विचारावे, "कोणाची काही हरकत तर नाही ना?" त्या मुलीला लहानपणी कुत्रा चावला असेल तर ती श्वास रोखून हसेल. हे हसू इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असे नोंदवावे. गुप्त मतदान वगैरे प्रकार निवडणुकीत ठीक आहेत.

हिशेब विभागात हमखास एखादे गृहस्थ असतात, ज्यांचे डोळे लाल होतात आणि शिंका थांबत नाहीत. त्यांना सांगावे की आमच्या कुत्र्याचे केस गळत नाहीत. ॲलर्जी मुळात केसांची नसून कुत्र्याच्या लाळेतील आणि त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांची असते, आणि ती प्रथिने कपड्यांना चिकटून पुढच्या मजल्यापर्यंत बिनापरवाना प्रवास करतात, असे ते उत्तर देतील. त्यावर वाद न घालता त्यांना खिडकीजवळची जागा द्यावी. खिडकी उघडत नसेल, तरी जागा दिल्याची नोंद राहते.

घाबरणाऱ्यांसाठी मात्र 'तो काही करत नाही' हे एकच वाक्य पुरेसे आहे. ते मालकाने लांबून, भ्रमणध्वनीवरून नजर न उचलता म्हणावे, म्हणजे त्यातला आत्मविश्वास पोहोचतो.

खुद्द कुत्र्याला काय वाटते, हा प्रश्न उपस्थित होऊ देऊ नये. वारंवार जांभया देणे, ओठ चाटणे, तोंड फिरवणे आणि डोळ्यांचे पांढरे दिसेपर्यंत तिरके पाहणे ही कुत्र्याच्या अस्वस्थतेची लक्षणे असू शकतात, आणि शेपूट हलते म्हणजे तो खूश आहेच असे नाही, हे जाणकार सांगतात. अडचण अशी की, तिमाही आढाव्याच्या बैठकीत जांभया, फिरवलेली तोंडे आणि तिरके डोळे टेबलाच्या वरही तितकेच दिसतात. एकदा कुत्र्याची लक्षणे वाचायची सवय लागली, की माणसांचीही वाचावी लागतील.

नियमावलीत कुत्र्यासाठी ठरावीक वेळाने बाहेर फेरी, दुपारी निवांत झोप, शांत कोपरा आणि अंगावर कोणी ओरडू नये अशी सक्त ताकीद असावी. या गोष्टी प्राण्याच्या आरोग्याला आवश्यकच आहेत. मात्र मसुदा तयार झाल्यावर त्यातील 'कुत्रा' हा शब्द सर्वत्र स्पष्ट छापला आहे ना, याची विधी विभागाकडून खातरजमा करून घ्यावी. एके ठिकाणी जरी तो गळाला, तरी दुसऱ्याच दिवशी कर्मचारी संघटना त्या कागदाची प्रत घेऊन आपल्या दालनात येईल.

हिशेब विभागातील ते गृहस्थ यथावकाश राजीनामा देतील. तो स्वीकारताना कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' असे लिहावे, आणि रिकामी झालेली खिडकीजवळची जागा कुत्र्याच्या गादीसाठी राखून ठेवावी. तिथे ऊन चांगले येते.