माळकऱ्यांच्या पंगतीला फॅड कोण म्हणतंय?

जत्रांचा हंगाम आला की एक मजकूर ग्रुपाग्रुपांवर फिरायला लागतो. यंदाही फिरतोय. त्याचा सारांश असा : 'हल्लीचे शिकलेले आईबाप शाकाहारी होतात आणि धुळवडीला, जत्रेला पोरांच्या ताटात मटण पडू देत नाहीत. मटणाशिवाय सण कसला? हे शहरी फॅड आहे. असली पोरं अशक्त राहतात, भावंडांत वेगळी पडतात. मोठी झाल्यावर त्यांचं ती ठरवतील. तोवर आजीनं गपचूप भरवावं.'

मी सातारा-कोल्हापूर पट्ट्यातला, तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेला. अजूनही हात आखडत नाही. पण बहीण आणि दाजींनी मटण सोडलंय, त्यांची दोन्ही पोरं लहान आहेत, आणि हा मजकूर घरातल्याच कुणीतरी तिला पाठवला. म्हणून हे लिहितोय.

मटणाशिवाय सण कसला, हे आधी घेऊ. होळीला आपल्याकडं पुरणपोळी आणि कटाची आमटी असते, मटण दुसऱ्या दिवशी धुळवडीला. बेंदराला पोळी. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. चातुर्मासभर वांगं-कांदा न खाणारी घरं त्या दिवशी वांगं तोंडात घालतात. जत्रेचा बोकड, कंदुरी, आखाड हे सगळं खरंच आहे, आणि त्याला नाकं मुरडणाऱ्यांशी माझंही जमत नाही. पण वर्षाच्या सणांतला तो एक भाग झाला, सगळे सण नव्हेत. कोकणात तर काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. शेजारीच गणपती बसलेला असतो, त्याला मोदक. मधे पडदा ओढतात, दोघांनाही ज्याचं त्याचं ताट मिळतं आणि कुणाचा सण बुडत नाही. देवाला हे चालतं, मग चार वर्षांच्या पोराला का चालू नये?

आता फॅड. हे लिहिणाऱ्यानं गावची जत्रा बघितली आहे का, असा प्रश्न पडतो. तुळशीची माळ घातलेला माणूस आमच्या भागात घरटी नसला तरी भावकीगणिक सापडतोच. माळ घातली की मटण-दारू बंद. हे शेकडो वर्षं चालत आलंय आणि ते करणारे बहुतेक कुणबी, माळी, धनगर अशा मटण खाणाऱ्याच घरांतले. त्यांच्यासाठी जत्रेला कुणी वेगळं गाव वसवलं नाही, वेगळी चूल मांडली. आमच्याकडं अंगणात मटणाचं पातेलं रटरटत असतं आणि परड्याच्या बाजूला दुसऱ्या चुलीवर माळकऱ्यांचं कालवण. कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटण एकच, चटणी एकच. त्यातलं अर्धं आधीच बाजूला काढायचं. मग त्या रश्श्याला उकळी फुटली की भिजवलेल्या बेसनाचे डुबुकवडे सोडायचे. डाव इकडचा तिकडं गेला तर चुलती ओरडते. जुन्नर-नगरकडची मासवडी आठवा : बेसनाची, आत खोबरं-तिळाचं सारण, सोबत झणझणीत रस्सा. मटण न खाणाऱ्याचाही सण झणझणीत व्हावा म्हणून कुणीतरी डोकं चालवलेलंच आहे.

या मुद्द्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. शाकाहाराच्या नावानं माणसं दूर ठेवली जातात, मटण खाता म्हणून फ्लॅट नाकारला जातो. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं देण्याचा निर्णय सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला, न खाणाऱ्या मुलांना केळं होतं. तरी त्यावरून गदारोळ झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा निधीच थांबवला. याच्यावर जरूर भांडा, मीही येतो. पण दुसऱ्याच्या पोराच्या ताटातलं अंडं काढणारा आणि स्वतःच्या पोराला मटण न वाढणारा हे दोघे एक नव्हेत.

अशक्तपणाचं बघू. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्क्यांमध्ये रक्त कमी आढळलं. एवढी पोरं काही शाकाहारी घरांतली नाहीत. सणासुदीच्या वाटीभर रश्श्यानं रक्त भरत असतं तर हा आकडा दिसला नसता. फरक रोजच्या ताटानं पडतो. मटणातलं लोह अंगी चांगलं लागतं, हे खरं. म्हणून शाकाहारी आईबापांना काम जास्त आहे : डाळी-उसळी, पालेभाज्या, हळीव, त्यावर लिंबू पिळायचं, आणि दुधावरच पोर वाढवायचं नाही, कारण दुधात लोह नसल्यातच जमा आणि पोट भरल्यानं बाकीचं जेवण राहतं. बी-१२ भाजीपाल्यात मिळत नाही. दूध-दही नेमानं हवं, अंडं चालत असेल तर उत्तम. अंगावर पाजणाऱ्या आईलाच बी-१२ कमी असेल तर बाळालाही कमी पडतं, तेव्हा आईची तपासणी आधी. दूधही वर्ज्य असेल तर डॉक्टरांना विचारून बी-१२चं औषध द्यावंच लागतं, तिथं चालढकल नको.

भावंडांत वेगळं पडतं म्हणे. पंगतीत शेजारी बसवलं, त्याच पत्रावळीवर वाढलं तर पडत नाही. वेगळं पाडतात ती मोठी माणसं, 'अरेरे, याला काहीच नाही' असं पोराच्या तोंडावर म्हणून.

राहिला शेवटचा मुद्दा : मोठं झाल्यावर ठरवेल. ठरवू दे की! पण तोवर मटण वाढणं हाही निर्णयच आहे आणि तोही आईबापच घेतात. मला कुणी विचारलं नव्हतं, वाटीत मटणाची अळणी ओतली आणि मी प्यालो. माळकऱ्यांच्या घरात पोरांच्या गळ्यात लहानपणीच माळ पडते, तेव्हाही कुणी विचारत नाही. गपचूप भरवण्याचा सल्ला मात्र वाईट. पोर संध्याकाळी आईला सांगणारच, आणि मग पुढच्या जत्रेला लेक माहेरी यायची का नाही, यावर घरात बोलणं सुरू होतं. आजीला भरवायचंच असेल तर डुबुकवड्याचा रस्सा आहे, भाकरी कुस्करून.