आत्या, ती जाळी लंडनला गेलेली नाही

सिदी सय्यद मशिदीच्या कोरीव दगडी जाळीची ती पोस्ट गेली दोन वर्षं फिरतेय. मी दुर्लक्ष करत होतो. परवा मात्र आत्याने ती फॅमिली ग्रुपवर टाकली आणि वर लंडनच्या आतेभावाला फर्मान सोडलं, 'म्युझियममध्ये जाऊन आपल्या जाळीचा फोटो काढून पाठव.' बिचाऱ्याचा अख्खा शनिवार त्यात गेला.

पोस्टचं म्हणणं असं: अहमदाबादच्या या मशिदीची मधली जाळी सर्वांत सुंदर होती, ती इंग्रजांनी उचकटून लंडनला नेली, म्हणून तिथे आज दगड भरलेत. मशीद अहमदशहाने १४११ साली बेगमेसाठी बांधली. कारागिरांचे हात तोडले. आणि युनेस्कोने तिला 'जगातली सर्वोत्तम जाळी' ठरवलं.

लंडनचं आधी. तिकडे गेल्या त्या लाकडी प्रतिकृती. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयासाठी एक केली, तशीच न्यूयॉर्कसाठीही. मग काय, एकच जाळी दोन ठिकाणी चोरीला गेली? मधली कमान भरीव दगडाची आहे, कारण मशीद मनासारखी पुरी व्हायच्या आतच मोगल येऊन धडकले, असं सांगतात. काळ तरी जुळतो: मशीद १५७२-७३ची आणि अकबराने गुजरात घेतला तोही तेव्हाच.

इंग्रज साव होते असं नाही, एवढं कबूल. त्यांनी या मशिदीत चक्क मामलेदार कचेरी थाटली होती. हे खुद्द लॉर्ड कर्झनने व्हाइसरॉय असताना भाषणात सांगितलंय: जिच्या खिडक्यांची जाळी जगभर नावाजलेली, ती मशीद मला तहसीलदाराची कचेरी म्हणून वापरात सापडली. म्हणजे त्या नक्षीखाली बसून सारावसुलीचे कागद रंगवले जात होते. यावर चिडा की! पण त्याआधी सुमारे साठ वर्षं शहर पेशवे-गायकवाडांच्या हाती होतं आणि तेव्हाही मशिदीची आबाळच होती. ते पोस्टमध्ये कशाला येईल?

१४११ हे शहर वसवल्याचं साल. अहमदशहा १४४२ सालीच वारला. मशीद बांधली सिदी सय्यद या हबशी सरदाराने. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी माहीत असलेल्या मराठी माणसाला हे नाव वाचूनच कळायला हवं होतं. हात तोडल्याची गोष्ट ताजमहालाच्या पोस्टवरून उचललेली, तीवर वेळ घालवत नाही. युनेस्कोने २०१७ साली जागतिक वारसा यादीत घेतलं ते अख्खं जुनं अहमदाबाद, एकटी जाळी नव्हे.

मी दुपारी गेलो होतो. बाहेर चौकात रिक्षांचा नुसता कल्ला. आत पश्चिमेच्या भिंतीतून ऊन झिरपत होतं. टोकाच्या कमानींत वेगवेगळ्या नक्षीचे छोटे चौकोन बसवलेत. त्यांच्या आतल्या बाजूला त्या दोन प्रसिद्ध जाळ्या: ताडाचं झाड आणि त्याला वेढणाऱ्या फांद्या, एकमेकींत इतक्या गुंतलेल्या की एक फांदी डोळ्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवायला गेलो आणि तीनदा चुकलो.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. 'बरं, मग काढून टाकते,' म्हणाली. तोवर पोस्ट तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पोचली होती.