गोदावरीचा उगम पाठ आहे, पुढचं काय?

सर्वात उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. सर्वात लांब नदी गोदावरी, 1465 किलोमीटर. राज्याची स्थापना 1 मे 1960. छत्तिसावा जिल्हा पालघर, 2014. नाशकातल्या कुठल्याही अभ्यासिकेत शिरा, पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची तयारी करणारी पोरं हे झोपेतही सांगतील. त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पेपरच तसा येतो, तर ती बिचारी करणार काय? माझा राग आहे तो आपण ज्याला 'सामान्य ज्ञान' म्हणतो त्या प्रकारावर. गाइडमध्ये नद्या एका पानावर, धरणं दुसऱ्या, पाऊस तिसऱ्या आणि रेल्वेचे घाट चौथ्या पानावर. आपल्या जिल्ह्यात मात्र ही चारही पानं सह्याद्रीच्या एकाच धारेवर येऊन मिळतात, आणि ही धार घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

त्र्यंबकचा डोंगर घ्या. इथे पूर्वेला उतरलेलं पाणी गोदावरीत जातं. अरबी समुद्र इथून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, पण ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवून अख्खं दख्खन ओलांडते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगरांच्या पश्चिमेला पडलेला पाऊस वैतरणेला मिळतो. तिच्यावरचं ऊर्ध्व वैतरणा धरण आपल्या इगतपुरी तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी मुंबईच्या नळाला जातं. पावसाळ्यात टीव्हीवर 'मुंबईला पाणी पुरवणारी सात धरणं' म्हणून पट्टी फिरते ना, त्यातलं एक नाशिक जिल्ह्यातलं. किती नाशिककरांना हे माहीत असतं, विचारून बघा.

उत्तरेकडची गिरणा तापीला मिळते. सुरगाणा, पेठकडच्या पार आणि दमणगंगा थेट गुजरातेत उतरतात. एकाच जिल्ह्याचं पाणी गोदावरी, तापी आणि पश्चिमेकडच्या नद्या असं तिघांत वाटलं जातं. गाइडात प्रश्न काय, तर 'गिरणा कोणत्या नदीची उपनदी आहे?' उत्तर तापी, एक मार्क, पुढचा प्रश्न.

पावसाचंही तसंच. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो आणि तिथून दीडशे किलोमीटरच्या आत येवला-नांदगावला पाचशेच्या घरात आला तरी लोक खूश. ढग घाट चढताना रिकामे होतात आणि पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो, हे सातवीच्या पोरालाही येतं. त्याला हे सांगितलेलं नसतं की मनमाडला नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी यायचं त्याचं एक कारण तेच आहे. आणि हेही नाही की इगतपुरी-त्र्यंबकच्या पाड्यांवर, दारणा, मुकणे, भावली अशी एवढी धरणं उशाला असताना, एप्रिल-मेमध्ये टँकर का लागतो. खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, वाहून जातं, आणि अडवलेलं खालच्या लोकांसाठी राखलेलं असतं.

आता मुद्द्यावर येतो, कारण हा खरा दुखरा भाग आहे. पाऊस कमी पडलेल्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता आपल्याकडे एकच आरोळी उठते, 'आमचं पाणी मराठवाड्याला पळवलं'. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की नदीकाठचे मोटारपंप चालू नयेत म्हणून वीज बंद करतात, बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, पोलीस बंदोबस्त लागतो. निफाडच्या द्राक्षवाल्याच्या तोंडचा घास जातो, त्याची तगमग खोटी नाही. पण नियम काय आहे? मराठवाड्यातल्या पैठणच्या जायकवाडी धरणात 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी तूट वाटून घ्यायची. याच्या मुळाशी 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आणि गोदावरी खोऱ्यातल्या पाणीवाटपावरचा मेंढेगिरी समितीचा अहवाल आहे. 2023 मध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून मिळून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला. म्हणजे नाशिकच्या पूर्ण भरलेल्या गंगापूर धरणाच्या साधारण दीडपट.

टीएमसी म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. धरणातून 11,574 क्युसेकने (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) सलग चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी जातं. हा आकडा लक्षात ठेवला की व्हॉट्सॲपवरचे निम्मे मेसेज तिथल्या तिथे खोटे पडतात. गंगापूरची क्षमता साडेपाच टीएमसीच्या थोडी वर, जायकवाडीचा उपयुक्त साठा 76 टीएमसीपेक्षा जास्त. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पसरट आणि उथळ, त्यामुळे उन्हाळ्यात बाष्पीभवन भरपूर, हा आपल्या लोकांचा युक्तिवाद रास्त आहे. तरी मला वाटतं, नदी आपल्या दारातून उगवते म्हणून ती आपली एकट्याची होत नाही. पैठणचं धरण 1965 साली लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी होऊन 1976 ला पुरं झालं, आणि त्यानंतरही आपण वरच्या बाजूला धरणं बांधतच राहिलो. यावरून मला शिव्या पडणार हे ठाऊक आहे. घाला, पण आकडे घेऊन घाला.

मजा अशी की पाण्याचा अंदाज घ्यायला जुन्या नाशिककराला क्युसेक लागतच नव्हते. रामकुंडाजवळचा, नदीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती होता. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. 'मारुती बुडाला' म्हटलं की सराफ बाजारात दुकानं आवरायची घाई. त्याच्याही वर गेलं तर काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं का, ही भाषा सुरू. आजही गंगापूरमधून विसर्ग वाढला की लोक आधी मारुतीचा फोटो मागतात, मग कलेक्टर ऑफिसचं पत्रक वाचतात. सामान्य ज्ञान मी याला म्हणतो.

हेच पाणी पुढे नांदूर मधमेश्वरला अडतं. पक्षी अभयारण्य म्हणून आपण तिथे दुर्बिणी घेऊन जातो, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून नाव झालं. मूळ बांधकाम ब्रिटिशकालीन, कालव्यांसाठीचं. गाळ साचला, दलदल झाली, पक्षी आले.

रस्ते आणि रेल्वेबद्दल थोडक्यात. कसाऱ्याला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिन लागतं, डब्यात एक हिसका बसतो, आणि इगतपुरीपर्यंतचा पंधरा-सोळा किलोमीटरचा घाट 1 ला 37 या चढाने (37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) पार होतो. समृद्धी महामार्गाने तोच डोंगर जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून पार केला. त्याचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला आणि 701 किलोमीटर पूर्ण झाले. उत्तम. पण 'मुंबई-पुणे-नाशिक सुवर्ण त्रिकोण' असं पाठ करायला लावणाऱ्यांनी एकदा हेही लिहावं की या त्रिकोणाच्या नाशिक-पुणे बाजूला थेट रेल्वेमार्गच नाही. नारायणगावजवळची रेडिओ महादुर्बीण मध्ये येते म्हणून मार्ग बदला, अशी चर्चा चालूच आहे. आपण तोवर नाशिक-पुणे रस्त्यावरच्या चंदनापुरी घाटात.

जिल्ह्याच्या उत्तरेला बागलाणात, मोसम-आरम नद्यांच्या काठी, फड पद्धत होती. बंधारा बांधायचा, पाट काढायचा, फडात गावाने मिळून एकच पीक घ्यायचं, आणि कुणाच्या वावरात किती वेळ पाणी ते पाटकरी ठरवणार. काही शतकं चाललेली व्यवस्था आहे ही. राज्याच्या पेपरात यावर प्रश्न यायला हवा.

आणि आणखी एक यावा. नार आणि पार नद्यांचं पाणी उचलून गिरणेत टाकायच्या प्रकल्पाला 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पश्चिमेला गुजरातकडे जाणारं पाणी धार ओलांडून इकडे आणायचं, म्हणजे पंपाने वर चढवायचं. पंपांचं वीजबिल येणार ते कोण भरणार, शासन, कालव्यावरचा शेतकरी की जळगाव-मालेगावची नळपट्टी? पर्याय चार द्या, हवं तर 'यापैकी नाही'सुद्धा ठेवा.